सेप्टिक टँक: आकार, उपसा आणि शोषखड्ड्याची जागा

टाकी पुरेशी मोठी बांधली की वीस वर्षे तिच्याकडे पाहावे लागत नाही, असे अनेकदा म्हटले जाते; या मताशी मी सहमत नाही. टाकीत मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी बाहेर पडून शोषखड्ड्यात, म्हणजे ते जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात जाते. जिवाणू गाळ कमी करतात, संपवत नाहीत. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी उपसा टाळला, तर न निवळलेला मैला थेट शोषखड्ड्यात जाऊन भोवतालच्या मातीची छिद्रे बुजवतो आणि मग नवा खड्डा खणण्यावाचून फारसा उपाय उरत नाही. शेण, यीस्ट किंवा बाजारातल्या पावडरींनी यात फरक पडत नाही. संडासात जिवाणू मारणारे ॲसिड ओतणे थांबवले तरी पुष्कळ झाले.

कोकणात मात्र खरी काळजी शोषखड्ड्याची घ्यावी लागते. जांभा दगडाच्या भेगांतून सांडपाणी नीट गाळले न जाताच झपाट्याने पुढे सरकते आणि पावसाळ्यात भूजलही वर येते. म्हणून खड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूस असावा. हे अंतर मोजताना शेजाऱ्यांची विहीरही धरावी, जी सहसा कोणी धरत नाही. छपराचे पाणी टाकीत सोडू नये.

उपसा यंत्रानेच करून घ्यावा. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेले असतात, आणि सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.