ड्रायव्हर बदलण्याआधी ४१ ची नोंद उघडा

"कॉम्प्युटर मधूनच रीस्टार्ट होतो म्हणजे दोष ग्राफिक्सच्याच ड्रायव्हरचा (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा)" हे मत मला अर्धंच पटतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) कर्नल-पॉवर ४१ ही अचानक बंद पडल्याची नोंद उघडून तपशिलात बगचेककोड, म्हणजे एररचा क्रमांक, बघा. तो दशमान असतो: १५९ म्हणजे एररच्या निळ्या स्क्रीनवर षोडशमान (१६ च्या) पद्धतीत दिसणारा ९एफ, बहुतेकदा स्लीपमध्ये जाता-येता अडकलेला ड्रायव्हर. शून्य असेल तर मात्र विंडोजला एररची नोंदच करता आलेली नाही. आधी वीजपुरवठा आणि तापमान तपासा.

दांडिया बाजारात आमच्या घरी शून्यच यायचा. मी महिनाभर ड्रायव्हर काढत-टाकत बसलो. शेवटी भावाच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) लावून पाहिला, तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही. आणि बडोद्याच्या मे महिन्यात प्रोसेसरच्या पंख्यावरची धूळ काढाच.