त्वचेचं जुनं दुखणं आणि पोषणातली कमतरता : तुमचे अनुभव सांगा

आठ वर्षं खाज सोसली. झोपेत इतकं खाजवायचे की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. पुरळ नव्हतंच, नुसते ओरखडे. मलमं बदलली, साबण बदलले. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी माझा हात हातात घेऊन नखं उजेडात धरली. मधोमध खोलगट, चमच्यासारखी. "पाळीत जास्त जातं का?" एवढंच विचारलं. हिमोग्लोबिन जेमतेम ठीक होतं, फेरिटिन मात्र 6. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. हिमोग्लोबिन उतरायच्या आधी तो आटतो, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर दोन महिन्यांत खाज थांबली.

तुमचंही लिहा. नुसतं गोळीचं नाव नको. कोणती तपासणी केली, किती दिवसांनी फरक पडला, आणि नसेल पडला तर तेही.

•

मला नाही पडला. 14 वर्षं सोरायसिस आहे, म्हणजे कातडीवर जाड, खवलेदार चट्टे. ड जीवनसत्त्व फारच कमी, 9 निघालं, मोठ्या आशेनं डोस पूर्ण केला. अंगदुखी गेली, कोपरांवरचे चट्टे जिथल्या तिथे. पुढे कॅल्सिपोट्रिऑलचं मलम मिळालं, तेही ड जीवनसत्त्वाचंच एक रूप, त्यानं चट्टे पातळ झाले. पोटात घ्यायचं आणि वरून लावायचं यांचं काम वेगळं असतं.

•

बायोटिन (केसांसाठी, नखांसाठी घेतात ते ब गटातलं जीवनसत्त्व) घेणाऱ्यांनी रक्त देण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. माझे थायरॉइडचे आकडे त्यामुळे चुकीचे आले होते. गोळ्या थांबवून पुन्हा तपासलं तेव्हा सगळं नॉर्मल.

•

आमच्या बाळाचं अंगावरचं दूध सुटलं आणि महिनाभरात तोंडाभोवती, बोटांवर, लंगोटाच्या जागी लालभडक सालपटं निघू लागली. सोबत जुलाब. सगळे एक्झिमाच म्हणत होते. तिसऱ्या डॉक्टरांनी रक्तातलं जस्त तपासायला सांगितलं. जन्मतःच आतड्यातून जस्त शोषलं जात नाही, असा दुर्मिळ आजार निघाला. जस्त सुरू केल्यावर आठवड्याभरात कातडी निवळली. त्या रात्री ती पहिल्यांदा न रडता झोपली आणि आम्ही दोघं जागेच राहिलो.

•

वाचून गलबलून आलं. आता कशी आहे?

•

चार वर्षांची झाली. औषध जन्मभर घ्यायचंय. मध्येच तांब्याचीही तपासणी होते, कारण जास्त जस्तानं ते कमी होतं. प्रवासात दोन-चार दिवस डोस चुकले, तर ओठांचे कोपरे आधी लाल होतात. आता तीच आरशात बघून सांगते, "बाबा, औषध."