मदत हवी आहे: लोकसंख्येच्या आलेखाखाली पर्यावरणाची रेघ कशी काढू?

नमस्कार मंडळी,

नववीतल्या भाचीच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघी गेल्या दहा हजार वर्षांतल्या मानवी लोकसंख्येचा आलेख काढतोय. कागद चिकटवत मीटरभर पट्टी केली. आडवं १ सेंमी म्हणजे १०० वर्षं, उभं १ सेंमी म्हणजे ५० कोटी माणसं. जवळजवळ पट्टीभर रेघ तळालाच सरपटते. इसवी सनाच्या सुरुवातीला जेमतेम अर्धा सेंमी, १८०० च्या सुमारास २. उरलेल्या सव्वादोन सेंमीत मात्र थेट १६ वर (२०२२ मध्ये आपण ८०० कोटी झालो).

ती सपाट रेघ बघून भाची म्हणाली, "म्हणजे तेव्हा माणसं निसर्गाला धक्का न लावता राहायची." मला हे पटत नाहीये. घरोघरी पाच-सहा मुलं जन्मायची आणि त्यातली दोन-तीनच मोठी व्हायची, म्हणून आकडा हलत नव्हता. आणि माणसं थोडी म्हणून नुकसान थोडं, असंही नाही. न्यूझीलंडमध्ये तेराव्या शतकाच्या अखेरीस माणूस पोचला. वस्ती अगदी विरळ, तरी मोआ हा न उडणारा प्रचंड पक्षी दीडेकशे वर्षांत नामशेष झाला.

उलट उदाहरण जपानचं. साधारण १७२० ते १८५० लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास थबकलेली, आणि त्याच काळात तोडीवर बंधनं घालून, रोपं लावून उघडे पडलेले डोंगर पुन्हा झाडीखाली आणले. पण त्या स्थिरतेत दुष्काळ होते, नवजात बाळांना मारणंही होतं. त्याला शब्द वापरायचे तो भाताची रोपं विरळ करण्याचा. हे वाचल्यापासून मला चैन नाही, आणि भाचीला सांगावं का तेही कळत नाही.

आता अडलंय ते असं. याच पट्टीवर पर्यावरणावरच्या परिणामाची दुसरी रेघ काढायची आहे, पण माप कोणतं घ्यावं? हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला तर बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांवरून जुने आकडे मिळतात: उद्योगयुगापूर्वी दहा लाख भागांत २८० च्या आसपास, आज ४२० च्या वर. पण या रेघेत कोळसा नि तेल दिसतं, मोआ दिसत नाही. लागवडीखालची जमीन घेतली तर जंगलतोड बरीचशी दिसेल, शिकार नाही.

एकच माप घ्यावं की दोन रेघा काढाव्यात? नववीच्या मुलीला झेपेल असं सुचवा, प्लीज. आणि त्या जपानी गोष्टीबद्दल, मुलांना शिकवणाऱ्यांपैकी कोणी असाल तर तुम्ही काय कराल तेही सांगा.