मदत हवी आहे: मिठीकाठच्या वस्तीसाठी पाण्याचा इशारा

आम्ही कुर्ल्याला क्रांतीनगरात राहतो, मिठी नदीच्या अगदी काठाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा आमच्या घरात पाणी माळ्याला लागलं होतं.

अजूनही आमचा इशारा म्हणजे खांबावर ऑइलपेंटने मारलेली लाल रेघ आणि रात्री टॉर्च मारून ती बघणारी पोरं. भरतीच्या वेळा कळतात, पावसाचा अंदाजही येतो. पण गल्लीत पाणी कधी शिरेल?

खांबाला अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी पाण्याची पातळी मोजणारं यंत्र) लावायचा विचार आहे. पाणी रेघेला टेकलं की घरोघरी फोन वाजला पाहिजे. मेसेज नको, आमच्या म्हाताऱ्या वाचत नाहीत. असं कुणी केलंय का? वीज गेल्यावर बॅटरी किती टिकते? आणि (हसू नका) सेन्सर चोरीला जाऊ नये म्हणून काय करता?