खिंडार, वर्म आणि हिरकणीची वाट

गिरगावकर भाषांतरकार
दिवाळी अंकासाठी एका लेखाचं भाषांतर करतेय. विषय लष्करी सायबर साधनांचा, त्यांची ताकद कशात आणि धोका कशात. 'व्हल्नरेबिलिटी' आणि 'एक्स्प्लॉइट' या जोडीपाशी अडलेय. पहिलीला मी 'असुरक्षितता' लिहिलं होतं, संपादकांनी ते खोडून 'खिंडार' केलं. मला पटत नाही. खिंडार पडतं ते तोफ डागल्यावर. व्हल्नरेबिलिटी म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, ती पहिल्या दिवसापासून असते, लिहिणाऱ्यालाही तिचा पत्ता नसतो. आणि तिचा फायदा घेऊन आत शिरणारा कोड म्हणजे एक्स्प्लॉइट. त्याला 'शोषण' म्हणवत नाही. लालबाग-परळच्या माणसाला तो शब्द वेगळ्या लढाईतला वाटेल. सुचवा.

पार्लेकर
ताई, पहिलीला 'वर्म' आहे ना! वर्मावर बोट ठेवणं, वर्मी घाव लागणं. संस्कृतात 'वर्म' म्हणजे चिलखत. मराठीत मात्र त्याचा अर्थ नाजूक जागा. चिलखत जे झाकतं, तीच जागा नाजूक, अशी माझी उपपत्ती. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात दुर्गवर्ग आणि शस्त्रवर्ग वेगळे आहेत. शस्त्रांची भाषा आपलीच असावी हा आग्रह साडेतीनशे वर्षांचा आहे.

मुलुंडची प्रोग्रॅमर
'वर्म' चालणार नाही. आपोआप एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पसरणाऱ्या कोडलाही 'वर्म'च म्हणतात आणि देवनागरीत तो तसाच लिहितात. वॉनाक्राय हा कॉम्प्युटर अडवून खंडणी मागणारा असाच एक कोड. 'वॉनाक्राय हे वर्म विंडोजमधल्या वर्मातून शिरलं' हे वाक्य वाचून वाचक काय समजणार?

पार्लेकर
मग त्याला 'किडा' म्हणा. परक्या शब्दासाठी आपला शब्द का सोडायचा?

डोंबिवलीचा दुर्गवेडा
संपादकांचं खिंडार चूकच. चोरदरवाजाही नको, तो किल्ला बांधणाराच मुद्दाम ठेवतो. 'बॅकडोअर'साठी मात्र तो चपखल आहे. भाषांतरकार ताई म्हणतात ती गोष्ट रायगडाच्या दंतकथेत आहे. हिरकणी गवळण गडावर दूध घालायला आली, दरवाजे बंद झाले, तान्हं मूल खाली घरी. ती अंधारात कडा उतरून गेली. तिथून माणूस उतरू शकतो हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं! महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला. वाट सापडली, कळवली गेली, बुजवली गेली. मी तर व्हल्नरेबिलिटीला 'हिरकणीची वाट' म्हणेन.

मुलुंडची प्रोग्रॅमर
काका, अंगावर काटा आला. लष्करी साधनांचं सगळं दुखणं यात आहे. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेला विंडोजमध्ये अशीच एक वाट सापडली होती. त्यांनी विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टला बुरूज बांधायला सांगितलं नाही. वाट गुप्त ठेवून तिच्यावर 'इटर्नलब्लू' हे हत्यार बनवलं आणि वापरलं. ते चोरीला गेलं. मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे चूक बुजवणारा कोडचा तुकडा, आला मार्च 2017 मध्ये, शॅडो ब्रोकर्स या हॅकर टोळीने हत्यार चव्हाट्यावर टाकलं एप्रिलमध्ये, आणि मे महिन्यात वॉनाक्रायने ब्रिटनची इस्पितळं अडवली. जूनमध्ये तेच हत्यार नोटपेट्या या दुसऱ्या घातक कोडमध्ये बसून आपल्या न्हावा शेव्यापर्यंत आलं, एका टर्मिनलचं काम बंद पडलं. तोफगोळा उडाला की संपतो. हा कोड ज्याच्यावर पडतो, त्याच्याच हाती त्याची नक्कल राहते.
पण दुसरी बाजूही लेखात यायला हवी. त्याच एनएसएने 2000 साली एसईलिनक्स हे सुरक्षेचं सॉफ्टवेअर खुलं केलं, ते आज आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये पहारा देतं. 2019 मध्ये त्यांनी घिड्रा फुकट दिलं. संशयास्पद कोड उलगडून पाहायला मी ते रोज वापरते.

निवृत्त सिग्नलवाला, ठाणे
पार्लेकर साहेब, आदर राखून सांगतो. फौजेत हवालदार आणि सुभेदार अजून आहेत, दोन्ही फारसीच्या वाटेने आलेले. जवानाच्या तोंडी बसतो तो शब्द टिकतो. बाहेरच्या नेटवर्कला अजिबात न जोडलेल्या कॉम्प्युटरला 'एअर गॅप्ड' म्हणतात. आमचा एक मराठी क्लार्क त्याला 'सोवळं मशीन' म्हणायचा. पेन ड्राइव्ह लावला की विटाळ. पुढे सगळी ब्रँच तेच म्हणू लागली. आणि शब्द खरा ठरला: इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातली यंत्रं अशीच वेगळी ठेवलेली होती, तरी त्यांच्यावर सोडलेलं, 2010 मध्ये उघडकीला आलेलं स्टक्सनेट हे वर्म पेन ड्राइव्हमधून पसरणारं होतं.

नायगावकर
शब्द चपखल असेल, मला तो नको. माझ्या आजीला पाणवठ्यावर याच शब्दांनी अडवलं होतं. सोवळं-विटाळ हे शब्द नव्या यंत्राला चिकटवून पुन्हा निर्मळ होत नाहीत. 'तुटक' म्हणा, 'अलिप्त' म्हणा.

निवृत्त सिग्नलवाला, ठाणे
दादा, तुमचं बरोबर आहे. इतकी वर्षं वापरला, या बाजूने कधी विचार केला नाही. 'तुटक' घेतो. कामाच्या दृष्टीनेही तोच बरा: तुटक मशीनची अडचण त्यात दिसते. बाहेरून हल्ला येत नाही, तसा पॅचही येत नाही. कोणीतरी तो तपासून हाताने नेऊन बसवायचा. तोवर जुन्या वाटा उघड्याच.

पार्लेकर
'तुटक' म्हणजे तुसडं वागणं. 'विलग' घ्या.

नायगावकर
विलगीकरण म्हटलं की लोकांना कोविड आठवतो.

गिरगावकर भाषांतरकार
सगळ्यांचे आभार. 'हिरकणीची वाट' चौकटीत घेतेय, मजकुरात 'कच्ची जागा' ठेवेन. एक्स्प्लॉइट मात्र अजून तसंच आहे. आणि आता पॅचला काय लिहू? मी 'ठिगळ' लिहिलंय, संपादक म्हणतात हलकं वाटतं, 'डागडुजी' करा.

डोंबिवलीचा दुर्गवेडा
डागडुजीच. तटाची डागडुजी करतात, तटाला ठिगळ लावत नाहीत.

मुलुंडची प्रोग्रॅमर
पण पॅच म्हणजे नेमक्या फाटलेल्या जागेपुरता तुकडा. डागडुजी म्हटलं की सगळा तट डोळ्यांपुढे येतो.

नायगावकर
ठिगळ हलकं कोणी ठरवलं? आमच्या आईच्या गोधडीत मूळ कापड कुठलं आणि ठिगळ कुठलं ते ओळखू यायचं नाही, आणि ती वीस वर्षं टिकली. शिवाय डागडुजीतली 'दुजी' म्हणजे जरदोजीतली 'दोजी' असावी, असा माझा अंदाज. फारसीत शिवणं. म्हणजे तटाचा शब्दही सुईदोऱ्याचाच. पार्लेकर, तुमच्याकडे व्युत्पत्तिकोश असेल तर जरा पाहाल का?