बोटीच्या इंजिनाचं ऑइल प्रेशर गरम झाल्यावर पडतंय, सल्ला हवा

खिंडसीकाठ:
नमस्कार मंडळी. रामटेकजवळ खिंडसी तलावावर आमची फेरीची बोट आहे. फायबरची, बोटीच्या आत बसवलेलं (इनबोर्ड) तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. सकाळी थंड इंजिनावर गेज ४ बार दाखवतं. दुपारी आयडलिंगला काटा ०.६ वर येतो, रेस दिली की २ पर्यंत चढतो. खडखड नाही, धूर नाही. मेकॅनिक म्हणतो हाफ इंजिनचं काम करा, म्हणजे इंजिन खोलून बेरिंग, रिंगा बदला. सीझन तोंडावर आहे. खोलण्याआधी काय बघू, आणि नागपुरात कुठे जाऊ?

डिझेलकाका_वाडी:
भाऊ, आत्ताच चेंबर (इंजिनाखालचा ऑइलचा टब) खोलू नका. डॅशबोर्डवरच्या काट्यावर इंजिन खोलायचं नसतं. सेंडर (इंजिनावरचा, गेजला प्रेशर कळवणारा सेन्सर) काढा, त्याच जागी मेकॅनिकल गेज लावा, ०–१० बारचं. आटे १/८ एनपीटी असतील किंवा एम१०, म्हणून जुना सेंडर सोबत न्या. हिंगणा एमआयडीसीकडे हायड्रॉलिक होज बनवून देणारे आहेत, तिथून प्रेशरचा होज घ्या. साधी प्लास्टिक नळी नको, फुटली तर गरम ऑइल अंगावर येते.

गरम इंजिनावर ढोबळ हिशोब दर १००० आरपीएमला ०.७ बार. शेवटचा शब्द मॅन्युअलचा. तुमची बोट दिवसभर चालते ती क्रूझिंगला (नेहमीच्या चालीत), तेव्हा तिथलं प्रेशर आयडलिंगपेक्षा जास्त महत्त्वाचं.

वायरिंगवाला:
सेंडर कधी बदलला होता का? काही सेंडर १० ते १८० ओहमचे, काही २४० ते ३३ चे. दोन्ही उलट दिशेने चालतात, जोडी चुकली की काटा खोटंच बोलणार. दोन स्टेअरिंगच्या बोटीचा सेंडर वेगळा येतो, तोही गल्लत करतो. शिवाय एका वायरच्या सेंडरला अर्थ इंजिन ब्लॉकमधूनच मिळतो. आट्यांवर टेफलॉन टेप भरपूर गुंडाळली असेल तर तो अर्थ तुटतो.

वैनगंगा७:
डिपस्टिक कधी बघता? बोट पाण्यात सरळ तरंगत असताना, इंजिन बंद करून थोडं थांबून बघा. ट्रेलरवर तिरकी उभी असली की माप चुकतं. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. आणि इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी घेतात त्याची जी जाळी असते ती काढून बघाच. तलावातलं शेवाळ अडकलं की इंजिन तापतं, तापलं की ऑइल पातळ. आपल्याकडचा मे, वरून बंद इंजिन खोली.

खिंडसीकाठ:
मेकॅनिकल गेज लावलं. गरम आयडलिंगला १.१ बार, त्याच वेळी डॅशबोर्डवर ०.६. पण डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आहे, आणि बोटाला घेतलं तर डिझेलचा वास येतो. मधे टॉपअप केलेलं नाही. जाड २०डब्ल्यू५० ऑइल टाकून बघू का?

डिझेलकाका_वाडी:
जाड ऑइल बिलकुल नको, त्याने दुखणं झाकलं जाईल. १.१ आयडलिंगला चालून जाईल, पण ऑइलात डिझेल उतरून राहिलंय हे काट्यापेक्षा गंभीर आहे. बोट बांधून ठेवा. पातळी अशीच वाढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून बेलगाम पळू शकतं, चावी बंद केली तरी थांबत नाही.

फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) डायफ्रामवाला, म्हणजे आत रबरी पडदा असलेला, असेल तर पहिला संशय त्याच्यावर. फाटला की डिझेल सरळ चेंबरमध्ये. तो ठीक निघाला तर इंजेक्टर टेस्टिंगला द्या, एखादा टपकत असेल. पंपाच्या किटसाठी नागपूरजवळच्या वाडीतली ट्रक स्पेअरची दुकानं बघा, जुना पंप घेऊन जा.

मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, ग्रेड मॅन्युअलमधलीच, बहुधा १५डब्ल्यू४०. जुना फिल्टर फेकू नका. पत्रा कापून कागदाच्या घड्या उन्हात उघडून बघा. पातळ ऑइलवर बेरिंग किती घासली ते तिथेच कळेल. बारीक काळी काजळी असेल तर काळजी नाही. तांबूस चकाकी दिसली आणि चुंबकाला चिकटली नाही, तर बेरिंगचा वरचा थर गेलाय. तेव्हा तुमचा मेकॅनिक सांगतोय ते काम करायचं, आधी नाही.

वायरिंगवाला:
आणि सेंडर नवा घेताना गेजच्या मागचा ओहमचा आकडा वाचून घ्या. फोटो टाका, मी सांगतो.