नेपाळची 1991 ची निवडणूक फसली कशी म्हणता?

नीलाक्षी: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, की नेपाळला बहुपक्षीय लोकशाही झेपलीच नाही, राजाची पंचायत, म्हणजे पक्षांविना चालणारी राजाच्या हातातली राजवटच बरी होती. डोकं फिरलं वाचून. तीस वर्षं पक्षांवर बंदी, आणि मे 1991 मध्ये पहिली खुली निवडणूक. ती घेणारे हंगामी पंतप्रधान कृष्णप्रसाद भट्टराई स्वतःच काठमांडूत एमालेच्या (एकीकृत मार्क्सवादी-लेनिनवादी कम्युनिस्ट पक्षाच्या) मदन भंडारींकडून हरले आणि बाजूला झाले. मतदारांनी पंतप्रधानाला घरी बसवलं, आणखी काय हवं?

तिठा: पुढचंही सांगा ना. नेपाळी काँग्रेसला 205 पैकी 110 जागा. तरी 1994 मध्ये त्यांचेच छत्तीस खासदार सरकारच्या धोरणावरच्या ऐन मतदानाला गैरहजर राहिले आणि पंतप्रधान गिरिजाबाबूंनी (गिरिजाप्रसाद कोइरालांनी) संसद बरखास्त करायला लावली. हाही दोष राजाचाच?

नीलाक्षी: दोष गिरिजाबाबूंचा आणि गटबाजीचा. निवडणुकीचा कसा?

सह्यकडा: मूळ विसरताय दोघंही. 1989 मध्ये भारताने नेपाळ सीमेवरची दोन नाकी सोडून बाकी बंद केली, म्हणून पंचायतीविरुद्धचं 1990 चं आंदोलन पेटलं. माझे वडील तेव्हा नेपाळच्या सीमेवरच्या वीरगंजला नोकरीला होते. रॉकेलच्या रांगेत शेजारीण आईला म्हणाली, तुमच्या सरकारने आमची चूल विझवली. नंतर ती आईशी बोललीच नाही.

नीलाक्षी: म्हणजे एप्रिल 1990 ला काठमांडूत राजवाड्यासमोरच्या दरबारमार्गावर गोळ्या झेलणारे रॉकेलसाठी आले होते? अपमान आहे हा त्यांचा.

सह्यकडा: भलतं माझ्या तोंडी घालू नका! लोक आधी भारतावर चिडले, मग दरबारावर. वडिलांनी डोळ्यांनी पाहिलंय.

वाटसरू: नाकेबंदी पुरे आता. 1994 मध्ये मतं काँग्रेसला जास्त, पण जागा 83, एमालेला 88. मतदारसंघात जास्त मतं त्याचीच जागा, या पद्धतीचा घोळ कुणी बोलतच नाही.

तिठा: बरं, निवडणूक खरी होती, मानलं. पण 1991 मध्ये नऊ जागा जिंकून तिसरा आलेला कडवा डावा संयुक्त जनमोर्चा? त्यातलेच लोक 1996 मध्ये माओवादी म्हणून बंदुका घेऊन जंगलात गेले. संसदेत बसून आल्यावर! याचं उत्तर द्या.

नीलाक्षी: देते. 1994 मध्ये मोर्चा फुटला आणि निवडणूक आयोगाने मोर्चाचे नेते बाबुराम भट्टराई (हे वेगळे भट्टराई) यांच्या गटाला मान्यता नाकारली. 1995 मध्ये मोर्चाच्या बालेकिल्ल्यात, रोल्पा या डोंगरी जिल्ह्यात, पोलिसांची 'रोमियो' मोहीम झाली. कार्यकर्ते गावं सोडून पळाले. तेव्हा पंतप्रधान देउबा, म्हणजे सरकार काँग्रेसच्याच नेतृत्वाखालचं होतं. आता सांगा, यात 1991 च्या मतदाराचं काय चुकलं?